बाबांचे महिने मोजणाऱ्या मुलाला

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले. सहा एकर कोरडवाहू आहे. बाबांचं वय ५२. दसऱ्याच्या सुमारास वावरातच त्यांना फिट आली. लोक म्हणाले मिरगी, पण एमआरआयमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, त्याला आता तीन आठवडे होतील. बाबा चालतात, जेवतात, आंघोळ स्वतः करतात. उजव्या हातानं सदऱ्याची गुंडी मात्र लागत नाही आणि बोलता बोलता एखादा शब्द अडतो. रिपोर्टमध्ये ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, की-६७ ३० टक्के’ असं लिहिलंय. मामा म्हणतात, निगेटिव्ह आलं म्हणजे चांगलं. मी मोबाईलवर पाहिलं तर १५ महिने दिसलं. डॉक्टरांनी एमजीएमटी नावाची जीनची टेस्ट सुचवली आहे, ती बाहेरून करावी लागेल. काका म्हणतात दोन एकर विकू आणि मुंबईला नेऊ. त्यात बहिणीची सोयरीक जुळत आली होती, पण ‘जीनची टेस्ट’ ऐकून पाहुणे विचारताहेत की हा आजार घराण्यात उतरतो का. बाबा म्हणतात इतकी वर्षं फवारणी केली, त्यानंच झालं. त्यांना आणि मायला आम्ही फक्त ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलंय. ताई, बाबांकडे किती महिने आहेत? आणि आम्ही काय करावं?

उत्तर

प्रिय भाऊ,

१५ महिन्यांचा आकडा कुठून आला ते आधी सांगते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्याच्याभोवतीच फिरताहेत. २००५ साली ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतच सुरू होणारा कॅन्सर, झालेल्या युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना ऑपरेशननंतर फक्त रेडिएशन दिलं, निम्म्यांना रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या. कॅप्सूल घेणाऱ्यांचा मधला आकडा १४.६ महिने आला आणि नुसत्या रेडिएशनवाल्यांचा १२.१. मधला आकडा म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्यानंतरही हयात होते. त्या उरलेल्या निम्म्यांचं काय झालं हे मोबाईल सहसा सांगत नाही. कॅप्सूल घेतलेल्या शंभरातले २६-२७ जण दोन वर्षांनी जिवंत होते, तर नुसत्या रेडिएशनवाल्यांतले १०. पाच वर्षांनी हेच प्रमाण जवळपास १० आणि २ असं होतं.

तुमच्यापासून काही लपवणार नाही. हा आजार आजच्या औषधांनी मुळापासून जात नाही आणि बहुतेकांत परत येतो. पण कोणत्या रुग्णाला जास्त काळ मिळतो आणि कोणाला कमी, याची काही कारणं आता माहीत आहेत. त्यातली काही गाठीच्या जीन्समध्ये असतात, तर काही माणसाच्या तब्येतीत आणि उपचारात.

आधी मामांचं. आयडीएच निगेटिव्हचा अर्थ दुर्दैवानं त्यांना वाटतो तसा नाही. काही मेंदूच्या गाठींमध्ये आयडीएच नावाच्या जीनमध्ये एक विशिष्ट बदल सापडतो आणि असा बदल असलेली गाठ सावकाश वाढते. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात असा बदल असलेल्यांचा मधला आकडा ३१ महिने होता आणि नसलेल्यांचा १५. फरक इतका मोठा की २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बदल असलेल्या गाठींना ग्लायोब्लास्टोमा म्हणणंच थांबवलं आणि त्यांना वेगळा आजार म्हणून नोंदवलं. तुमच्या रिपोर्टमध्ये तो बदल दिसला नाही.

पण इथे एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. रिपोर्टवर ‘आर१३२एच’ असं लिहिलंय, म्हणजे रंग टाकून करायची साधी तपासणी झाली. आयडीएचचे बहुतेक बदल तिच्यात पकडले जातात, तरी काही निसटतात. म्हणून ५५ च्या खालच्या रुग्णात ही तपासणी निगेटिव्ह आली तर जीनची सखोल तपासणी करावी, असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. बाबा ५२ चे आहेत. या वयात वेगळं काही निघण्याची शक्यता कमीच, पण डॉक्टरांना विचारा: “सर, सिक्वेन्सिंगची गरज आहे का?”

की-६७ चे ३० टक्के म्हणजे ३० टक्के कॅन्सर उरलाय असं नाही, आणि वाचण्याची शक्यता ३० टक्के असंही नाही. तपासलेल्या तुकड्यात साधारण इतक्या पेशी वाढीच्या तयारीत होत्या, एवढंच ते सांगतं. ग्लायोब्लास्टोमात या आकड्यावरून माणसाचं आयुष्य सांगता येत नाही. तो वाचून झोप घालवू नका.

आता एमजीएमटी. टेमोझोलोमाइड गाठीच्या पेशीतल्या डीएनएला इजा करतं. एमजीएमटी हा जीन चालू असेल तर पेशी ती इजा दुरुस्त करून घेते, म्हणून औषध फिकं पडतं. जीन बंद असेल, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत ‘मिथिलेटेड’, तर दुरुस्ती होत नाही आणि औषध चांगलं लागू पडतं. त्याच २००५ च्या अभ्यासातल्या २०६ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ४५ टक्क्यांत हा जीन बंद सापडला. कॅप्सूल घेतलेल्यांपैकी जीन बंद असलेल्यांचा मधला आकडा २१.७ महिने होता आणि चालू असलेल्यांचा १२.७.

मग टेस्ट करायची का? करता आली तर चांगलंच. पण तिच्यासाठी उसनवारी करू नका आणि तिच्या रिपोर्टची वाट पाहत उपचार तर अजिबात थांबवू नका. बाबा ७० च्या पुढचे, थकलेले असते, तर रेडिएशन द्यावं की नुसत्या कॅप्सूल हे या टेस्टवर ठरलं असतं. ५२ वर्षांच्या चालत्याफिरत्या माणसाला रिपोर्ट काहीही आला तरी आधी रेडिएशन आणि कॅप्सूल हाच उपचार मिळेल. शिवाय टेस्टची वेळ निघून जात नाही. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात हॉस्पिटलकडे जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर वहीत लिहून ठेवा. पुढे कुठेही टेस्ट करायची झाली तरी अर्ज करून तो मिळतो.

जीन्सबद्दल एवढं लिहिलं खरं, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती रिपोर्टच्या ओळीत नाहीच. ती आहे, बाबा स्वतः आंघोळ करतात, या वाक्यात. वय आणि रोजच्या हालचाली, या दोन गोष्टी या आजाराचा अंदाज बांधताना डॉक्टर सगळ्यात आधी बघतात. त्यासाठी शंभरपैकी गुण द्यायची एक पद्धत आहे, तिला कार्नोफ्स्की स्कोअर म्हणतात. काहीच त्रास नसेल तर १००. काम झेपत नाही पण स्वतःचं स्वतः आवरतो, तर ७०. बऱ्याच गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते, तर ५०. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबा ७० च्या आसपास किंवा थोडे वरच असावेत, आणि पूर्ण उपचार पेलण्यासाठी ते पुरेसं आहे. गुंडी लागत नसेल तर माय लावून देईल, पण भाकर बाबांना स्वतः मोडू द्या. फिजिओथेरपिस्टनं हाताचे व्यायाम शिकवले असतील तर ते रोज करून घ्या. खाटेवर बसवून ठेवलेल्या माणसाची ताकद लवकर जाते.

तिसरी गोष्ट, ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा एमआरआय करतात. तो झाला होता का, आणि त्यात गाठीचा भाग उरलेला दिसतो का, हे विचारून घ्या. दिसणारा भाग जितका पूर्ण निघालेला असेल तितका काळ वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तरीही “सगळी गाठ काढली, मग आता लाईट (रेडिएशन) कशाला द्यायचे?” असं गावात कोणी म्हणालं तर त्याला वावरातला कुंदा आठवायला सांगा. वरून साफ उपटला तरी मुळं खाली पसरलेली असतात आणि पुन्हा फुटतात. या गाठीच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत अशाच शिरलेल्या असतात, एमआरआयला न दिसणाऱ्या. रेडिएशन आणि कॅप्सूल त्यांच्यासाठी.

रेडिएशन साधारण ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावं. तुमचे तीन आठवडे गेले. चेहऱ्याचा मास्क बनवणं आणि प्लॅनिंगचा स्कॅन यातच बरेच दिवस जातात, तेव्हा याच आठवड्यात कॅन्सरच्या ओपीडीत नाव लावा. आठवड्यातले पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे, एकूण ३० वेळा रेडिएशन. त्या काळात रोज उपाशीपोटी कॅप्सूल आणि तिच्या आधी मळमळीची गोळी. दर आठवड्याला रक्त तपासायचं. पुढे चार आठवड्यांची सुट्टी आणि मग दर २८ दिवसांतून पाच दिवस वाढीव डोस, असे सहसा सहा फेरे.

आता काकांचं म्हणणं. हा सगळा उपचार सेवाग्रामला, सावंगीला आणि नागपूरला होतो. मुंबईतले चांगले डॉक्टरही तुमच्या बाबांना हेच रेडिएशन आणि हीच कॅप्सूल देतील. सहा आठवडे अनोळखी शहरात खोली घेऊन राहायचं, घरचं कापसाचं सीझन सोडून, आणि उपचार तोच. दुसरं मत हवंच असेल तर फाईल, एमआरआयची सीडी आणि ब्लॉक घेऊन एका माणसानं जाऊन यावं, तेवढ्यासाठी बाबांना न्यायची गरज नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ज्या हॉस्पिटलात उपचार घेणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा की ऑपरेशनमध्ये किती रक्कम वापरली गेली, रेडिएशन आणि कॅप्सूल योजनेत बसतात का. राहायची अडचण समाजसेवा अधीक्षकांना सांगा, जवळच्या धर्मशाळेची माहिती त्यांच्याकडे असते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

जमीन विकू नका. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. हे मी जोर देऊन लिहिते, कारण या आजारात वावर विकून आलेला पैसा बहुतेक वेळा अशा गोष्टींवर जातो ज्यानं आयुष्य फारसं वाढत नाही. बेव्हासिझुमॅब नावाचं महागडं इंजेक्शन आहे. २०१४ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले: सुरुवातीलाच ते दिलं तरी रुग्ण जास्त जगले नाहीत. सूज उतरवायला पुढे कधी त्याचा उपयोग होतो, ते डॉक्टर तेव्हा सांगतील. डोक्याला चिकटवून दिवसभर वापरायचं एक विजेचं यंत्रही आहे. २०१७ च्या अभ्यासात त्यानं मधला आकडा १६ महिन्यांवरून २०.९ वर नेला, म्हणजे उपयोग आहे. पण त्याचा महिन्याचा खर्च शहरातल्या पगारदार घरालाही झेपत नाही, आणि त्यासाठी तुमच्या मायनं उद्या दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जावं, हे मला पटत नाही.

पाहुण्यांना काय सांगायचं ते सरळ आहे. ज्या जीन्सची तपासणी झाली आणि सुचवली गेली ती गाठीच्या तुकड्यातल्या जीन्सची. ते बदल बाबांच्या मेंदूतल्या काही पेशींत त्यांच्या हयातीत घडले. ते बाबांना आजोबांकडून आले नाहीत आणि बहिणीकडे गेले नाहीत. अगदी थोड्या घराण्यांत ही गाठ आनुवंशिक दोषामुळे होते, आणि तिथे बहुधा रक्ताच्या अनेक नातेवाइकांना कमी वयात स्तनाचे, आतड्याचे, हाडाचे कॅन्सर झालेले असतात. तुमच्या घरात असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तर बहिणीच्या सोयरिकीला या रिपोर्टची आडकाठी असायचं कारण नाही. पाहुणे समजूतदार असतील तर त्यांच्यापैकी एकाला पुढच्या वेळी ओपीडीत सोबत न्या आणि डॉक्टरांच्याच तोंडून हे ऐकू द्या.

फवारणीबद्दल बाबा स्वतःला दोष देताहेत, ते थांबवा. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा फवारणीची भीती खोटी नाही आणि तुम्ही मास्क-हातमोजे घातल्याशिवाय पंप उचलू नका. पण फवारणीमुळे हीच गाठ झाली असं म्हणायला पक्का पुरावा नाही. डोक्याला पूर्वी कधी दिलेलं रेडिएशन हे एक ठरलेलं कारण आहे. बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही.

औषधांचं थोडं. बाबांना सध्या डेक्सामेथासोन चालू असेल. त्यानं मेंदूची सूज उतरते आणि दोन दिवसांत तरतरी येते. “आता बरा झाला” म्हणून ती गोळी परस्पर बंद केली की डोकेदुखी आणि उलट्या परत येतात, कधी त्याहून वाईट होतं. डॉक्टर सांगतील तशीच ती कमी करत न्यायची. तिच्यानं साखर वाढते, म्हणून मधूनमधून प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर बघा. फिटची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. बाबांना मोटारसायकल, विहीर आणि रात्रीचं एकट्यानं ओलीत सध्या बंद. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. कोणी काढा किंवा भस्म आणून दिलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. कॅप्सूलमुळे रक्तातल्या पेशी कमी होतात, यकृतावरही ताण येऊ शकतो, त्यात आणखी भर नको.

रेडिएशन संपल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय वाईट दिसला, गाठ वाढल्यासारखी, तर लगेच हाय खाऊ नका. उपचाराच्या परिणामानंही तसं चित्र दिसतं आणि पुढे आपोआप निवळतं. एमजीएमटी बंद असलेल्यांत हे जास्त होतं. अशा वेळी बाबांची तब्येत कशी आहे ते बघून डॉक्टर बरेचदा पुढच्या एमआरआयपर्यंत थांबतात.

आता बाबांना सांगायचं का? माझं मत, हो, आणि लवकर. गाठ डाव्या बाजूला आहे, शब्द आताच अडताहेत. आज ते जे बोलू शकतात ते सहा महिन्यांनी बोलता येईलच असं नाही. बाबांना विचारा, “बाबा, रिपोर्टात काय आलंय ते तुम्हाला ऐकायचंय का?” ते नको म्हणाले तर थांबा. हो म्हणाले तर आजार मोठा आहे, पुन्हा येऊ शकतो, पण उपचार आहे आणि तो आपण इथेच घेणार आहोत, एवढं सांगा. महिन्यांचा आकडा त्यांनी विचारल्याशिवाय काढू नका. विचारला तर डॉक्टरांसमोर बसवून विचारू द्या. मायला त्याच दिवशी सांगा. रात्री उशाशी तीच असते, फिट आली तर आधी तिलाच दिसणार. शिवाय बँकेतलं वारस नाव, पीककर्ज, सातबाऱ्याचं काय करायचं हे बाबांना स्वतः ठरवायचं असेल, आणि सही करणारा हात उजवाच आहे.

तुम्ही विचारलं, किती महिने. ५२ वय, स्वतःचं स्वतः आवरणारा माणूस, ऑपरेशन झालेलं, पूर्ण उपचार घ्यायची तयारी, या बाजूनं. आयडीएचचा बदल नाही, हे विरुद्ध. एमजीएमटी अजून कळायचं आहे. यावरून वर्ष-दीड वर्षाची तयारी मनाशी ठेवावी, आणि दोन वर्षांपुढे जाणाऱ्यांत बाबा असू शकतात हेही धरून चालावं. याहून नेमकं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डोकेदुखी, सततची झोप, गिळायचा त्रास असं पुढे काही वाढलं तर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी ठेवणारा उपचार, मागून घ्या. रेडिएशन-कॅप्सूल सुरू असतानाही तो घेता येतो.

आणि सोयरीक पक्की झाली तर लग्न पुढच्या वर्षावर टाकू नका. रेडिएशनच्या सहा आठवड्यांत आणि त्यानंतरच्या महिनाभरात बाबा फार थकलेले असतील, तेवढा काळ सोडा. लग्नासाठी उपचाराची तारीख मात्र हलवायची नाही. पुढे कॅप्सूलचे फेरे सुरू झाले की पाच दिवस मळमळीचे जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्यामुळे कॅप्सूल संपल्यानंतरचा आठवडा बरा. त्या आठवड्यात येणारे मुहूर्त भटजींकडून काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवून त्यातला एक धरा.